गाडी चोरून हवा ओढतेय: पेट्रोल इंजिनातली व्हॅक्यूम गळती शोधायची आणि बंद करायची कशी

गाडी न्यूट्रलला उभी आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, तरी रेस आपोआप चढते, उतरते, पुन्हा चढते. किंवा इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग बाराशेच्या खाली यायलाच तयार नाही. गॅरेजात नेली की ठरलेला क्रम सुरू होतो: आधी थ्रॉटल बॉडी साफ, मग प्लग, मग कॉइल, शेवटी ‘सेन्सर गेलाय साहेब’. यातलं प्रत्येक काम कधी ना कधी करावं लागतंच. पण थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे कुठेतरी इंजिन चोरून हवा ओढत असेल, तर यातल्या एकाही कामाने काडीचा फरक पडत नाही.

आयडलिंगला थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते आणि पिस्टन मात्र हवा मागतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब ३० ते ४० किलोपास्कलपर्यंत उतरतो, बाहेर तो समुद्रसपाटीला १०१ च्या घरात असतो. हा फरक प्रत्येक फटीतून हवा आत ढकलतो. शहाळ्यातल्या नळीला वर चीर पडली की कितीही ओढलं तरी तोंडात हवाच येते, तसंच. फक्त इथे त्या फुकटच्या हवेचा हिशोब ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) जुळवता आला पाहिजे, आणि तिथेच गोंधळ होतो.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: तुमच्या इंजिनात हवा अशी अडवून धरलेली नसते, ब्रेकसाठी व्हॅक्यूम वेगळा पंप तयार करतो. तुमच्याकडे गळती झाली तर ब्रेक जड होतो किंवा टर्बो नीट उचलत नाही, आयडलिंग सहसा बिघडत नाही. पुढचं सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांबद्दल आहे.

आधी बघा, गाडी हवा मोजते कशी

इंटरनेटवर सापडणारं बरंचसं मार्गदर्शन अमेरिकन गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. त्यात ‘पी०१७१ कोड येईल, फ्युएल ट्रिम वर जाईल’ असं ठामपणे सांगितलेलं असतं (पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी; ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा). ते खरं आहे, पण मॅफ सेन्सर असलेल्या गाडीसाठी. आपल्याकडच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, मॅप असतो. दोन्हींची लक्षणं इतकी वेगळी असतात की हे न बघता शोध सुरू केला तर अख्खी दुपार वाया जाते.

मॅफ सेन्सर एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल यांच्यामधल्या जाड पाइपात बसतो आणि आत जाणारी हवा प्रत्यक्ष मोजतो. मॅप सेन्सर मॅनिफोल्डवरच असतो आणि आतला दाब मोजतो, त्यावरून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. फिल्टरजवळच्या पाइपावर फक्त दोन वायरींचा छोटा सेन्सर दिसला तर तो हवेचं तापमान सांगणारा, मॅफ नव्हे.

मॅफच्या गाडीत गळतीची हवा सेन्सरला चुकवून आत येते. ईसीयूला ती माहीतच नसते, म्हणून मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, ईसीयू पेट्रोल वाढवत नेतो आणि भरपाई साधारण २०–२५ टक्क्यांच्या पुढे गेली की चेक लाइट लागतो.

मॅपच्या गाडीत तीच हवा आत आली की दाब वाढतो, सेन्सरला तो दिसतो आणि ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल देऊन मोकळा होतो. मिश्रण बरोबर, ट्रिम जवळपास बरोबर, कोड नाही, फक्त इंजिनाला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल दोन्ही मिळाल्यामुळे रेस चढलेली. ईसीयू थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्ह बंद करत आणतो. तो पुरता बंद झाला तरी हवा येतच राहिली की त्याच्या हातात काही उरत नाही. असा कोड आलाच तर तो सहसा पी०५०७ असतो, म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त.

रेस वर-खाली होण्याचं कोडंही इथेच सुटतं. थ्रॉटल बंद आणि आरपीएम मात्र जास्त, अशी स्थिती ईसीयू एरवी उतारावर बघतो, आणि तेव्हा पेट्रोल वाचवायला इंजेक्टर बंद करतो. गळतीमुळे उभ्या गाडीतही तेच घडतं: पेट्रोल बंद, रेस कोसळते, पेट्रोल चालू, रेस चढते. सेन्सर खराब झाल्यासारखं वाटतं, पण बिचारा सेन्सर आपलं काम चोख करत असतो.

मॅपच्या गाडीतली आणखी दोन रूपं लक्षात असू द्या. गळती एखाद्याच सिलिंडरच्या पोर्टजवळ असेल तर जास्तीची हवा त्या एकट्याला मिळते आणि तोच मिसिंग करतो. कोड पी०३०१ ते पी०३०४ पैकी. आणि मॅप सेन्सरचीच ओ-रिंग किंवा छोटा पाइप सुटला असेल तर सगळं उलटं होतं. सेन्सरला दाब खोटाच जास्त दिसतो, ईसीयू पेट्रोल ओततो, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो. हवेच्या गळतीने गाडी ‘रिच’ चालते हे पटकन पटत नाही, त्यामुळे ही गळती हमखास सुटते.

बोनेटला हात लावण्याआधी आकडे बघा

साधारण २०१३ नंतरच्या गाडीत स्टीअरिंगखाली ओबीडी-२ चं सॉकेट असतं. ब्लूटूथचा स्वस्त ईएलएम३२७ अ‍ॅडॅप्टर आणि मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप पुरतं. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, दिवे बंद.

सुरुवात चावी ऑन आणि इंजिन बंद ठेवून करा. मॅप सेन्सरने आता बाहेरचा दाब दाखवला पाहिजे. मुंबई-रत्नागिरीला १०० च्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. इथेच आकडा भलता असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायर बघा, गळती नंतर.

मग इंजिन सुरू. मॅफच्या गाडीत आयडलिंगला शॉर्ट टर्म (त्या क्षणाच्या) आणि लाँग टर्म (ईसीयूने शिकून साठवलेल्या) ट्रिमची बेरीज लिहून घ्या. आता रेस अडीच हजारावर स्थिर धरा आणि पुन्हा लिहा. आयडलला +१८ आणि अडीच हजाराला +३ असेल तर व्हॅक्यूम गळती जवळजवळ नक्की. कारण साधं आहे: थ्रॉटल उघडलं की एकूण हवा कितीतरी वाढते आणि फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा नगण्य होतो. उलट रेसबरोबर ट्रिम वाढत गेला तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा घाण झालेला मॅफ यांच्याकडे वळा.

दोन्हीकडे ट्रिम सारखाच चार-पाच टक्के वर असेल तर घाबरू नका. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणून ई१० वर (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर) बेतलेल्या गाडीत ई२० भरलं की ईसीयूला चारेक टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतं आणि ते सगळ्या आरपीएमला सारखं दिसतं. ही गळती नव्हे, पंपावरचं पेट्रोल आहे.

मॅपच्या गाडीत ट्रिमवर फार विसंबू नका. आरपीएम आणि थ्रॉटलची टक्केवारी एकत्र बघा. थ्रॉटल नेहमीपेक्षा खाली, जवळजवळ तळाशी, आणि आरपीएम तरीही ७५०–८०० च्या बराच वर, हीच खूण. आयडलचा मॅप ३० ते ४० किलोपास्कलच्या दरम्यान असतो; तो ४५–५० दाखवत असेल आणि सोबत मिसिंग असेल तर एका सिलिंडरजवळची गळती डोक्यात ठेवा, अर्थात प्लग आणि कॉइल तपासूनच.

जुन्या, सॉकेट नसलेल्या गाडीला काट्याचा व्हॅक्यूम गेज लावा. मॅनिफोल्डच्या एखाद्या पातळ पाइपात टी-जोड घालून तो बसतो. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवतं. दर हजार फुटांमागे एक इंच वजा करा, म्हणजे पुण्यात सुमारे दोन इंच कमी येणारच.

डोळे, कान आणि बोटं

गाडी मोकळ्या जागी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रलला. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी आधी बाजूला. रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो, तो तुम्हाला विचारत नाही.

पहिली पाहणी मात्र इंजिन थंड आणि बंद असताना करा. टॉर्च घेऊन प्रत्येक रबरी पाइप बोटांनी दाबत आणि वळवत जा. चीर बहुतेकदा पाइपाच्या टोकाला, नळीवर चढवलेल्या भागात असते आणि खालच्या बाजूला असते, म्हणून वरून पाइप ठीक वाटतो. मी साधारण या क्रमाने बघतो:

- फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा घड्यांचा जाड पाइप. मॅफच्या गाडीत घड्यांच्या खोबणीतली चीर पुरते. पाइप ताणून बघितल्याशिवाय दिसत नाही. मॅपच्या गाडीत ही चीर आयडल बिघडवत नाही, फक्त धूळ आत सोडते.
- पीसीव्हीचा (इंजिनातली ऑइलची वाफ इनटेकमध्ये परत नेणारा) पाइप आणि त्याचं रबरी बूच. ऑइलच्या वाफेने पाइप आतून मऊ पडून चिकटतो आणि बूच उष्णतेने कडक होतं.
- ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) जाड पाइप, दोन्ही टोकं.
- पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा. गरम इंजिन आयडलला चालू ठेवून व्हॉल्व्हचा टाकीकडून येणारा पाइप काढा आणि तोंडाला बोट लावा. ओढ थोड्या थोड्या वेळाने येणं चालतं. सतत जोरात ओढत असेल तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर संशय आधी याच्यावर.
- वापरात नसलेल्या नळ्यांवरच्या रबरी टोप्या. क्षुल्लक वस्तू, पण उन्हाने तडकून गळून पडते.

सीएनजीचं किट बाहेरून बसवलेलं असेल तर या यादीच्या आधी किट बघा. सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं) किट बसवताना मॅनिफोल्डला भोकं पाडून नोझल बसवतात आणि रेड्युसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) दाबाचा इशारा द्यायला मॅनिफोल्डवरून टी-जोडाने पातळ पाइप नेतात. तो प्लॅस्टिकचा टी-जोड, त्या नोझलांचे आटे आणि त्यांवरचे बारीक पाइप ही आपल्याकडच्या गळतीची फार लाडकी जागा आहे. गाडी सीएनजीवर इनटेकमध्ये ‘फाट’ करून बॅकफायर मारत असेल तर संशय आणखी वाढतो.

पावसाळ्यात उबेला आलेला उंदीर पातळ पाइपही कुरतडतो आणि सेन्सरच्या वायरीही. लेंड्या दिसल्या तर दोन्ही तपासा.

आता इंजिन सुरू करून ऐका. बागेच्या पाइपाचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं संशयाच्या जागांवरून हळूहळू फिरवा. फुसफुस एकदम मोठी झाली की जागा सापडली. मग एकेक पाइप फडक्यात गुंडाळून नोज पक्कडीने अलगद दाबा. दाबल्यावर रेस ताळ्यावर आली तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पुढच्या टोकाला आहे. कडक झालेला पाइप दाबू नका, तो तिथेच फुटेल आणि एकाच्या दोन गळत्या होतील.

ब्रेक बूस्टर वेगळा तपासा

ही गळती आयडलिंगपुरती राहत नाही, म्हणून हिची चाचणी वगळू नये. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. हललंच नाही तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर फाटलाय. ब्रेक दाबल्यावरच रेस बदलत असेल आणि पायाशी फुसफुस ऐकू येत असेल, तर आतला पडदा गेलेला असतो. मग गाडी घरी दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता बूस्टर बदलून घ्या.

बूस्टरच्या पाइपात एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. नवा पाइप बसवताना त्यावरचा बाण इंजिनकडे हवा. उलटा बसला की ब्रेकला मदत मिळतच नाही.

तरीही सापडत नसेल तर

पाण्यापासून सुरुवात करा. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर बारीक फवारा. फटीत पाणी ओढलं गेलं की आवाज क्षणभर बदलतो किंवा रेस अडखळते. कॉइल आणि कनेक्टर वाचवा. ही पद्धत मंद आहे, पण पेट घेत नाही.

गॅरेजात सर्रास कार्ब क्लीनर मारतात. चालतो, पण तो पेट्रोलइतकाच ज्वालाग्राही. इंजिन कोमट असतानाच, एक्झॉस्टपासून लांब, एकेक सेकंदाचे फवारे, आणि हाताशी अग्निशामक. सीएनजीच्या गाडीत आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन पेट्रोलवर घ्या. ब्रेक क्लीनर वापरू नका. त्यात क्लोरीन असेल तर तापलेल्या धातूवर विषारी वायू तयार होतो. घरचा गॅस सिलिंडर आणून नळीने गॅस सोडणारे महाभागही आहेत. त्यांच्यापासून दोन गाड्या लांब उभे राहा.

फवारा मारताना फक्त रेस ऐकत बसू नका. आजचा ईसीयू रेस क्षणात सावरतो. मोबाइलवर ऑक्सिजन सेन्सर ठेवा: नेहमीच्या सेन्सरचा आकडा ०.१ वरून ०.८–०.९ व्होल्टवर उडी मारतो आणि शॉर्ट टर्म ट्रिम खाली कोसळतो. फवारा आणि उडी यांच्यात सेकंदभराचं अंतर असतं, म्हणून प्रत्येक जागेनंतर थांबा, नाहीतर शेजारच्या सांध्यावर आळ येतो.

अगरबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघायची युक्ती ऐकली असेल. जळती अगरबत्ती आणि पेट्रोलचे पाइप एकाच बोनेटखाली, नको. त्याऐवजी स्मोक मशीन असलेलं गॅरेज शोधा. इंजिन बंद ठेवून, फिल्टरकडचं तोंड बंद करून, बूस्टरच्या नळीतून १ पीएसआयपेक्षा कमी दाबाने धूर भरतात आणि फटीतून तो बाहेर येताना दिसतो. अंदाज, ऐकणं, सांगणं सगळं संपतं. डिपस्टिककडून किंवा सायलेन्सरमधून थोडा धूर येणं मात्र गळती धरू नका. मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूचं पॅकिंग गेलं असेल तर याच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

दुरुस्ती

पाइपाच्या टोकालाच चीर असेल आणि लांबी पुरत असेल तर टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा सरळ कापून पुन्हा बसवा. नाहीतर जुना पाइप दुकानात न्या आणि आतलं माप जुळवून व्हॅक्यूमसाठीचाच पाइप घ्या. पीसीव्हीला ऑइल सोसणारा लागतो. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावलेल्या गाड्या बघण्यात येतात. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडून स्वतःच चिकटते. टेप आणि एम-सील घरी पोचण्यापुरते.

पाइप कोरडाच बसवा किंवा टोकाला पाणी लावा. ग्रीस लावलेला पाइप नंतर सरकतो.

थ्रॉटल बॉडी नुकतीच साफ करून आणली असेल आणि त्रास त्यानंतरच सुरू झाला असेल, तर थ्रॉटलच्या मागची ओ-रिंग खोबणीतून निसटून दबलेली असण्याची शक्यता पहिली. ती नवीच घाला. इंजेक्टरची खालची ओ-रिंगही अशीच गुपचूप हवा ओढते. नवी बसवताना बोटाने स्वच्छ इंजिन ऑइलचा हात फिरवा, सुकी ओ-रिंग वळते आणि कापली जाते.

मॅनिफोल्डचं पॅकिंग हे खरं मोठं काम. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्रत्येक पाइप आणि कनेक्टरचा फोटो काढा, मग सोडा. मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर सिलिंडर हेडच्या पोर्टमध्ये स्वच्छ फडक्याचे बोळे घाला. एक नट आत पडला तर हे काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा, अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी पातं चालवू नका. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धरून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाकलंय का ते बघा. प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड वाकला असेल तर नवं पॅकिंग फार दिवस टिकणार नाही.

रबरी पॅकिंग असेल तर सिलिकॉन अजिबात लावू नका. ते पॅकिंगला सरकवतं आणि आतल्या बाजूला सुटलेला तुकडा थेट व्हॉल्व्हकडे जातो. बोळे काढा, मोजून काढा. मग बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. हे बोल्ट नाजूक असतात आणि हाताच्या अंदाजाने अ‍ॅल्युमिनियमचे आटे सहज जातात.

झाल्यावर

कोड पुसा आणि लाँग टर्म ट्रिमही शून्यावर आणा. नाहीतर ईसीयू जुन्या गळतीची भरपाई काही काळ देत राहतो आणि गाडी उगाच रिच चालते. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल साफ केली असेल तर आयडल पुन्हा शिकवावं लागतं; त्याची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी, मॅन्युअलमधली तंतोतंत पाळा. काही गाड्यांत ती स्कॅनरनेच होते.

त्यानंतर गरम इंजिनावर पुन्हा तेच आकडे घ्या: आयडलचा ट्रिम, अडीच हजाराचा ट्रिम, थ्रॉटलची टक्केवारी. एसी लावून रेस क्षणभर खचून सावरते का, आणि ब्रेक दाबून धरल्यावर ती स्थिर राहते का हेही बघा. सीएनजीचं किट असेल तर गळती बंद झाल्यावर ते पुन्हा ट्यून करून घ्या, कारण आधीचं ट्यूनिंग त्या चोरट्या हवेसकट केलेलं होतं. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर चालवून ट्रिम पुन्हा बघा. आयडलला ±५ च्या आसपास राहत असेल तर बोनेट बंद करायला हरकत नाही. अजूनही +१० वर अडला असेल तर दुसरी, लहान गळती शिल्लक आहे, आणि ती बहुतेक त्याच वयाच्या शेजारच्या पाइपात असते.